तिसऱ्या विणीतली एकोणीस पिल्लं: बिअर्डेड ड्रॅगनच्या टँकमधलं एक प्रकरण

बिअर्डेड ड्रॅगन या पाळीव सरड्याच्या एका मादीने एकाच हंगामात तिसऱ्यांदा अंडी घातली. अंडी एकवीस, त्यांतून पिल्लं एकोणीस. साधारण दोन महिन्यांनी ती वेळेवर बाहेर आली. पोटातला बलक शोषून होईपर्यंत पहिले दोन-तीन दिवस त्यांनी काही खाल्लं नाही, आणि ते तसंच अपेक्षित असतं. मग ती छोट्या रातकिड्यांवर तुटून पडली. पालकांना, म्हणजे ती पाळणाऱ्यांना, वाटलं, अवघड भाग संपला.

चौथ्या आठवड्यात एक पिल्लू सकाळी मेलेलं सापडलं. ते टाकून दिलं गेलं. त्यानंतर लक्षात आलं की आणखी पाच-सहा पिल्लं वाढलेलीच नाहीत. काहींच्या पायाची बोटं अधूनमधून थरथरत होती, दोघांची शी पातळ होती, एक पिल्लू चालताना पोट जमिनीवरून उचलत नव्हतं. बाकीची भावंडं मात्र टुणटुणीत, खादाड, अंगावर छान रंग. पालकांनी निष्कर्ष काढला की काही पिल्लांना जंत झाले असावेत. ओळखीतून मिळालेलं फेनबेंडाझोल हे जंतांवरचं औषध त्यांनी अंदाजाने सगळ्यांना एकेक थेंब दिलं. त्यानंतर तीन दिवसांनी मला फोन आला. त्यांचा प्रश्न होता, 'हा अॅडेनोव्हायरस तर नाही ना?'

प्रश्न रास्त होता. बिअर्डेड ड्रॅगनमध्ये आढळणारा हा विषाणू पिल्लांना फार छळतो. खाणं सुटतं, वजन घटतं, जुलाब होतात, कधी मान वाकडी होऊन पिल्लू आकाशाकडे बघत राहतं, कधी काहीच लक्षण न दिसता जीव जातो. मोठी जनावरं तो बाळगून वर्षानुवर्षं धडधाकट राहू शकतात आणि त्यांच्या विष्ठेतून तो पिल्लांपर्यंत पोहोचतो. त्यावर औषध नाही. म्हणून या विषाणूचं नाव कानावर पडलं की पालक हात टेकतात. इथे तसं होऊ नये अशी माझी इच्छा होती, कारण फोनवर ऐकलेली सगळी लक्षणं दुसऱ्याही एका कारणात बसत होती आणि ते कारण दुरुस्त करता येण्यासारखं होतं.

आधी बघणं, मग हात लावणं

सरपटणाऱ्या प्राण्यांचं पिल्लू हातात घेतलं की ते बदलतं. घाबरून निपचित पडतं किंवा धडपडतं, आणि आपल्याला हवी ती माहिती त्या क्षणी हरवते. त्यामुळे सकाळी दिवे लागल्यावर मी तासभर नुसता टँकसमोर बसलो. या प्रकरणातला सगळ्यांत उपयोगाचा तास तोच होता असं मी आजही म्हणेन.

टँक चार फुटांचा. एका टोकाला उष्णतेचा दिवा, त्याखाली सपाट दगड, वर झाकणावर यूव्हीबीची, म्हणजे उन्हातल्यासारखे अतिनील किरण देणारी, लांब नळी. दिवा लागल्यावर पाच मिनिटांत सहा मोठी पिल्लं दगडावर आली. काही शेजारी शेजारी, काही एकमेकांच्या पाठीवर चढून. मधल्या आकाराची पिल्लं दगडाच्या कडेला टेकली. लहान पिल्लं दुसऱ्या टोकाला, काचेच्या कोपऱ्यात किंवा सालीच्या तुकड्याखाली. त्यांतलं एक दगडाकडे निघालं, मोठ्या भावंडाने नुसती मान वर-खाली केली, लहान्याने पुढचा पाय उचलून गोल फिरवला आणि ते परत फिरलं. पाय हलवणं ही बिअर्डेड ड्रॅगनची 'मी माघार घेतो' अशी खूण. बघणाऱ्याला ती गोड वाटते. एकाच टँकमध्ये ती दिवसभर दिसत असेल, तर कोणीतरी दिवसभर माघार घेत आहे.

मग किडे टाकले गेले. डब्यातून एकदम मूठभर, वर कॅल्शियमची पावडर भुरभुरलेली. मोठ्यांनी पहिल्या दोन मिनिटांत बहुतेक मटकावले. उरलेले रातकिडे इकडेतिकडे पळत राहिले, स्वतःचं अंग साफ करत राहिले. लहान पिल्लांना जे किडे मिळाले ते अर्ध्या-पाऊण तासानंतर, तेही पावडर झडलेले. शिवाय मागे उरले होते ते त्यातल्या त्यात मोठे किडे. पिल्लाच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा किडा देऊ नये असा नियम आहे. तो सहा मोठ्या पिल्लांच्या बाबतीत पाळला जात होता, सहा लहानांच्या बाबतीत नाही.

प्रश्नांची फेरी

पालकांची नोंदवही चांगली होती, त्यामुळे काही शंका लवकर निकालात निघाल्या. इन्क्युबेटर २९ ते ३० अंशांच्या आतच राहिलं होतं. हे विचारावं लागतं, कारण जास्त उष्णतेवर उबवलेली पिल्लं लवकर, लहान आणि अशक्त निघू शकतात. या जातीत ३२ अंशांच्या वर तर जनुकांनी नर असलेली पिल्लंसुद्धा मादी होऊन बाहेर पडतात, इतका त्या तापमानाचा प्रभाव असतो. खाली वाळू नव्हती, कागद होता, त्यामुळे आतड्यात वाळू अडकण्याचा संशय नाही. बाहेरून पकडलेले किडे दिले का, हेही विचारलं. अचानक मेलेल्या पिल्लाच्या बाबतीत हा प्रश्न मी कधी सोडत नाही, कारण एखादा काजवा पोटात गेला तरी मोठा बिअर्डेड ड्रॅगनसुद्धा मरू शकतो. त्यांनी बाहेरचा एकही किडा दिलेला नव्हता.

अडलं ते एका वाक्यापाशी. पालक पुन्हा पुन्हा सांगत होते, 'याच टँकमध्ये, याच दिव्यांखाली पहिल्या विणीची अकरा पिल्लं सुरेख वाढली. मांडणीत दोष असता तर तीही आजारी पडली असती.' हा युक्तिवाद वजनदार आहे आणि तो झटकून टाकणं योग्य नव्हतं. म्हणून मी विचारलं की तेव्हापासून आतापर्यंत काय काय बदललं. आधी उत्तर आलं, काहीच नाही. मग एकेक वस्तू हातात घेऊन विचारत गेलो. झाकणाची जाळी बदलली होती. पहिल्या विणीच्या वेळी बारीक रातकिडे जाळीतून निसटत, म्हणून आता तिच्यावर आणखी एक बारीक अॅल्युमिनियमची जाळी बसवली होती. यूव्हीबीची नळी तीच होती, आता चौदा महिन्यांची. पिल्लं अकराऐवजी एकोणीस होती. आणि आई तीच असली तरी तिच्या शरीरातून दोन विणी आधीच निघून गेल्या होत्या.

थोडक्यात, टँक तोच दिसत होता, पण पिल्लांपर्यंत पोहोचणारी एकही गोष्ट तेवढी उरली नव्हती.

मीटर काय म्हणाला

टँकच्या काचेवर चिकटवलेला गोल तापमापक ३३ अंश दाखवत होता. तो काचेचं तापमान सांगतो, पिल्लाचं नव्हे. इन्फ्रारेड थर्मामीटरने दगडाचा माथा मोजला तर ४२ अंश, जे या वयाच्या पिल्लांना ऊन खायला ठीक आहे. लहान पिल्लं बसली होती तिथे २७. टँकच्या गार टोकाला २७ असणं चुकीचं नाही, तो उतार हवाच. पण पिल्लाने दिवसभर तिथेच राहायचं ठरवलं, किंवा त्याला तसं ठरवावं लागलं, तर त्याचं पचन मंदावतं, रोगप्रतिकारशक्ती मंदावते आणि औषधही नीट लागू पडत नाही.

यूव्ही इंडेक्स, म्हणजे अतिनील किरणांची तीव्रता, मोजणारा मीटर दगडाच्या माथ्यावर, पिल्लाची पाठ येते त्या उंचीवर धरला. आकडा आला १.४. बारीक जाळी बाजूला काढली तर २.६. लहान पिल्लांच्या कोपऱ्यात ०.२. सरडे आणि साप निसर्गात किती यूव्ही घेतात हे मोजून २०१० मध्ये त्यांचे चार गट पाडण्याची पद्धत मांडली गेली, तिला फर्ग्युसन झोन म्हणतात. बिअर्डेड ड्रॅगन तिसऱ्या गटात धरतात. ऊन खाण्याच्या जागी त्याला साधारण ३ ते ७ च्या दरम्यान कमाल यूव्ही इंडेक्स मिळावा आणि तिथून सावलीपर्यंत उतरता क्रम असावा अशी अपेक्षा असते. पाळीव पिल्लांसाठी मी ३ ते ४ वर थांबतो. इथे सगळ्यांत चांगल्या जागेवर त्याच्या निम्म्याहून कमी होतं, आणि जी पिल्लं तिथे एकमेकांवर चढत होती त्यांतल्या खालच्यांना तेवढंही नाही.

नळी तर लख्ख पेटत होती. हाच फसवा भाग आहे. डोळ्याला दिसणारा प्रकाश आणि यूव्हीबी या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि नळी जुनी होताना यूव्हीबी आधी घटतं. काच तर ते जवळजवळ पूर्ण अडवते. मीटर नसेल तर नळीचा कारखान्याने दिलेला पल्ला, जाळी आणि पाठीपर्यंतचं अंतर यांवरून अंदाज बांधावा लागतो, पण नुसतं वर बघून काहीही कळत नाही.

यूव्हीबीने नेमकं काय होतं ते थोडं सविस्तर सांगतो, कारण पुढची सगळी लक्षणं त्यातूनच निघतात. सुमारे २९० ते ३१५ नॅनोमीटरचे किरण त्वचेवर पडले की तिथलं ७-डिहायड्रोकोलेस्टेरॉल नावाचं द्रव्य प्री-व्हिटॅमिन डी३ मध्ये बदलतं. त्याचं डी३ व्हायला शरीराची ऊब लागते, म्हणजे थंड कोपऱ्यातल्या पिल्लाचं दुहेरी नुकसान. पुढे यकृत आणि मूत्रपिंड त्याला कामाचं रूप देतात, आणि मग आतड्यातून कॅल्शियम शोषलं जातं. ही साखळी तुटली की रक्तातलं कॅल्शियम घसरतं. पॅराथायरॉइड ग्रंथी ते सावरण्यासाठी हाडांतून कॅल्शियम उपसते. हाडांची जागा मऊ तंतू घेतात, जबडा बोटाखाली दबतो, शेपूट वाकते. तेही पुरेनासं झालं की स्नायू थरथरू लागतात. आतड्याचे स्नायूही कॅल्शियमवर चालतात, त्यामुळे पोट फुगून शी अडते. यालाच पालक एमबीडी म्हणतात, मेटाबोलिक बोन डिसीज. रातकिड्यांमध्ये कॅल्शियमच्या कितीतरी पट फॉस्फरस असतो, म्हणून पावडर हा वरचा शिडकावा नसून अन्नाचाच भाग आहे. आणि इथे ती लहानांच्या तोंडात जातच नव्हती.

त्या सकाळी दुसरं मरण

मी तिथे असतानाच सालीखाली आणखी एक पिल्लू गेलेलं सापडलं. मन खट्टू झालं, पण ते शरीर म्हणजे आता या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा पुरावा होता. ते ओल्या कागदात हलकेच गुंडाळून पिशवीत घातलं आणि फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवलं. डीपफ्रीजरमध्ये मुळीच नाही. गोठवलं की पेशी फुटतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली यकृत वाचता येत नाही. त्याच दिवशी ते पशुवैद्यांकडे गेलं. पहिलं पिल्लू टाकून दिलं गेलं नसतं तर कदाचित चार दिवस आधीच उत्तर मिळालं असतं, म्हणून पिल्लं वाढवणाऱ्या प्रत्येकाला मी हे आवर्जून सांगतो: मेलेलं पिल्लू फ्रिजमध्ये.

उरलेल्या सतरा पिल्लांची वजनं घेतली. वजनकाटा ०.०१ ग्रॅमपर्यंत अचूक हवा, दागिन्यांसाठी वापरतात तसा. अडीच ग्रॅमच्या जिवाच्या बाबतीत ०.१ ग्रॅम म्हणजे चार टक्के फरक, स्वयंपाकघरातल्या काट्यावर तो दिसतही नाही. सहा पिल्लं ७.५ ते ९ ग्रॅमची, पाच ४.५ ते ६ ची आणि सहा २.४ ते ३.५ ची. सगळ्यांत छोटं पिल्लू चार आठवड्यांनंतरही जन्माच्या वजनावर होतं. पुस्तकी सरासरीपेक्षा ही तुलना मला अधिक बोलकी वाटते. एकाच आईची, एकाच दिवशी जन्मलेली, एकाच छताखालची भावंडं, आणि वजनात जवळजवळ चौपट अंतर.

प्रत्येकाला एक रात्र पांढरा कागद अंथरलेल्या वेगळ्या डब्यात ठेवून बारा पिल्लांची ताजी विष्ठा वेगवेगळी गोळा झाली. सगळ्यांची मिळून एकच पुडी करणं सोपं असतं, पण मग उत्तर एवढंच येतं की टँकमध्ये काहीतरी आहे. कोणात आहे आणि कोणात नाही, हा खरा प्रश्न.

अहवाल आले तेव्हा

बारापैकी आठ नमुन्यांत कॉक्सिडिया, म्हणजे आतड्यातले एकपेशीय परजीवी, निघाले. त्यांतला हा प्रकार बिअर्डेड ड्रॅगनमध्ये नेहमी आढळणारा आयसोस्पोरा. पालकांना एक प्रकारे हायसं वाटलं. कारण सापडलं, औषध आहे, सुरू करू. डॉक्टरांनी आणि मी मिळून यादी पुन्हा वाचली. लहान गटातल्या चारपैकी तीन नमुन्यांत कॉक्सिडिया, मधल्या चारपैकी दोन, आणि मोठ्या, टुणटुणीत गटातल्या चारपैकी तीन. जो जंतू आजारी आणि निरोगी दोन्ही गटांत सारखाच सापडतो, तो एकटा या दोघांमधला फरक घडवत नाही. तो निरुपद्रवी नाही. खंगलेल्या पिल्लात तो आतडी सोलून काढतो, जुलाब करतो, शोषण बिघडवतो, त्यातून कॅल्शियम आणखी घटतं. पण दार दुसऱ्या कोणीतरी उघडलं होतं.

फेनबेंडाझोलचा कॉक्सिडियावर काही परिणाम होत नाही. उलट जास्त मात्रेत ते अस्थिमज्जेला मार देऊ शकतं. थेंबाच्या अंदाजाने अडीच ग्रॅमच्या आणि नऊ ग्रॅमच्या पिल्लाला सारखं औषध देणं म्हणजे लहान्याला जवळजवळ चौपट मात्रा. ते औषध तिथेच थांबवलं.

मेलेल्या पिल्लाच्या यकृतात अॅडेनोव्हायरस पेशींच्या केंद्रकात जे ठसे सोडतो ते दिसले नाहीत. विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी पीसीआर चाचणीही निगेटिव्ह आली. आतड्यात कॉक्सिडियाचे टप्पे होते. हाडांची बाहेरची भिंत कागदासारखी पातळ, एका मांडीच्या हाडाला मुडपल्यासारखा जुना मोड. आईच्या आणि तीन पिल्लांच्या क्लोअकामधल्या (विष्ठेच्या वाटेतल्या) स्वॅबची पीसीआरही निगेटिव्ह.

आता ज्या निकालाने प्रकरणाला वळण दिलं तो. डॉक्टरांनी दातांसाठी वापरतात त्या छोट्या एक्स-रे यंत्रावर दोन पिल्लांची छायाचित्रं काढली. एक, थरथरणारं तीन ग्रॅमचं. दुसरं, माझ्या आग्रहाखातर, गटातलं सर्वांत मोठं नऊ ग्रॅमचं. लहान्याची हाडं फिकी असणार हे ठाऊकच होतं. मोठ्याचीही फिकी निघाली. मोड नव्हता, थरथर नव्हती, जबडा घट्ट होता, पण हाडांच्या भिंती त्या वयाला शोभाव्यात तेवढ्या जाड नव्हत्या. झपाट्याने वाढणाऱ्या सांगाड्याला कॅल्शियम जास्त लागतं. पावडरवाले किडे त्याला मिळत होते म्हणून तो अजून तगून होता. दगडावर १.४ यूव्ही इंडेक्समध्ये तो आणखी काही आठवडे वाढला असता, तर त्याचीही तीच गत झाली असती. ज्या पिल्लांकडे बोट दाखवून पालक म्हणत होते की मांडणीत दोष नाही, त्या पिल्लांतच दोष उतरत होता. लहानांत तो आधी दिसला इतकंच.

म्हणूनच 'टँकचं तापमान किती, टँकचं यूव्ही किती' या प्रश्नाला मी फारसा अर्थ मानत नाही. एकोणीस पिल्लांच्या टँकमध्ये एकोणीस वेगवेगळी हवामानं असतात. कोणाच्या पाठीवर किती ऊन पडतं आणि कोणाच्या तोंडात पावडर लागलेला किडा जातो, हे भावंडांमधली दादागिरी ठरवते.

उपचार: क्रम महत्त्वाचा

सगळ्यांत आधी पिल्लं वेगळी केली. मोठी तीन-तीनच्या दोन डब्यांत, मधली पाच दोन डब्यांत, लहान सहा एकेकटी. याला खटाटोप लागतो. दिवे, भांडी, साफसफाई सगळं वाढतं. पालकांनी कुरकुर न करता ते केलं, आणि माझ्या मते पिल्लं वाचण्यात याचा वाटा औषधांपेक्षा मोठा आहे. एकट्या पडलेल्या लहान पिल्लांपैकी चार जण दुसऱ्याच दिवशी दिव्याखाली पाठ चपटी करून ऊन खाताना दिसले. त्यांना ऊन नको होतं असं कधीच नव्हतं.

नळी नवीन आली, जाळीच्या खाली बसवली, पिल्लू चढून तिला चिकटणार नाही अशा बेताने. पाठीच्या उंचीवर यूव्ही इंडेक्स ३.५ च्या आसपास, दुसऱ्या टोकाला सावली. ऊन खाण्याची जागा ४० अंश, गार टोक २६. आजारी पिल्लांचे दगड आणि फांद्या मुद्दाम बुटक्या ठेवल्या. मऊ हाडांचं पिल्लू दोन इंचांवरून पडलं तरी मोडतं. उचलताना तळहाताखालून पूर्ण शरीर पेलायचं, बरगड्यांना चिमटीत धरायचं नाही, शेपूट तर नाहीच. या जातीची शेपूट तुटली तर परत येत नाही.

मग पाणी. लहानांचे डोळे थोडे खोल गेले होते, युरेट (लघवीतला घट्ट भाग) पांढऱ्याऐवजी पिवळट आणि कडक येत होतं. शरीर कोरडं आणि थंड असताना तोंडात अन्न कोंबणं धोक्याचं, कारण ते पचत नाही, पोटात सडतं. डॉक्टरांनी किलोमागे दिवसाला १० ते ३० मिलीच्या हिशेबाने द्रव ठरवला. तीन ग्रॅमच्या पिल्लाला ते ०.०३ ते ०.०९ मिली होतं, म्हणजे साधारण एक-दोन थेंब. सुई काढलेल्या इन्सुलिन सिरिंजने नाकाच्या टोकावर थेंब लावायचा आणि पिल्लू स्वतः चाटेल तोवर थांबायचं. जबडा मऊ असलेल्या पिल्लाचं तोंड उघडायचा हट्ट धरला तर जबडाच मोडतो.

तोंडावाटे द्यायचं पातळ कॅल्शियम डॉक्टरांनी प्रत्येकाच्या वजनावरून, आणखी पातळ करून दिलं. डी३ चं इंजेक्शन त्यांनी टाळलं. इतक्या छोट्या शरीरात त्याची मात्रा सहज जास्त होते आणि मग कॅल्शियम हाडांऐवजी मूत्रपिंडात साचतं. यूव्हीबीखाली त्वचेत तयार होणाऱ्या डी३ ला शरीर स्वतः आवर घालतं, हा त्या मार्गाचा मोठा फायदा.

किडे आता गुळगुळीत काठाच्या वाटीत, डोळ्यांमधल्या अंतराहून लहान, पावडर लावल्यावर लगेच आणि एका वेळी थोडे. रातकिड्यांनाही आधी दिवसभर हिरवा पाला आणि कॅल्शियमयुक्त खाद्य. शेवटचं खाणं दिवे मालवायच्या दोन-तीन तास आधी, म्हणजे पचायला ऊब मिळते. खाल्ले न गेलेले किडे रात्री आत ठेवायचे नाहीत, ते झोपलेल्या पिल्लाची बोटं कुरतडतात. दोन लहान पिल्लांची बोटांची टोकं गेलेली होती, ती किड्यांनी खाल्ली की भावंडांनी, हे शेवटपर्यंत ठरलं नाही.

कॉक्सिडियावरचं टोल्ट्राझुरिल याच्यानंतर आलं, पिल्लं गरम आणि ओलसर झाल्यावर. मोठ्या पिल्लांना आधी, लहानांना काही दिवस उशिरा. पालकांना हे उलटं वाटलं. पण खंगलेल्या, कोरड्या पिल्लाला औषधाचा ताण पेलत नाही, आणि इथे घाईचं कारण कॉक्सिडिया नव्हतं. औषधाइतकीच साफसफाई महत्त्वाची. विष्ठेतून पडलेले ऊसिस्ट, म्हणजे कॉक्सिडियाची कवचबंद बीजरूपं, एक-दोन दिवसांत संसर्गक्षम होतात, म्हणून शी दिसली की उचलायची आणि कागद रोज बदलायचा. साध्या ब्लीचला ते दाद देत नाहीत, उकळत्या पाण्याला आणि वाफेला देतात. सालीचे तुकडे टाकून दिले. एका डब्यातला चिमटा दुसऱ्या डब्यात नाही, आणि निरोगी गटाचं काम आधी, आजाऱ्यांचं शेवटी.

काय झालं

पाचव्या दिवशी सगळ्यांत छोटं पिल्लू गेलं. ते ऊन खायला एकदाही वर आलं नव्हतं. बाकी पाच लहानांपैकी चौघांची थरथर दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी थांबली, पाचव्याची त्यानंतर. महिन्याभरात त्यांची वजनं दुपटीवर गेली. एकाची शेपूट वाकडीच राहिली आहे आणि एकाचा जबडा थोडा आखूड दिसतो. हाड घट्ट झालं की ते ज्या आकारात घट्ट झालं तसंच राहतं. मधल्या आणि मोठ्या गटांत कोणालाच लक्षणं आली नाहीत. मोठ्या पिल्लाचा एक्स-रे सहा आठवड्यांनी पुन्हा काढला, भिंती जाड झाल्या होत्या.

आईचा विषय वेगळा आहे आणि मला तो पिल्लांइतकाच गंभीर वाटतो. तिच्या कमरेची हाडं दिसत होती, शेपटीचं बूड खपाटीला गेलं होतं. अंड्यातल्या पिल्लाला कॅल्शियम मुख्यतः बलकातून मिळतं, म्हणजे आईच्या शरीरातून. तिसऱ्या विणीची पिल्लं आधीच तुटपुंज्या शिदोरीवर निघाली असणार. हे मोजून सिद्ध करता आलेलं नाही, पण तिची अवस्था बघता मला दुसरं काही पटत नाही. नराला तिच्यापासून लगेच दूर केलं. तरीही तिने त्या हंगामात चौथ्यांदा अंडी घातली, कारण मादी शुक्राणू साठवून ठेवते. ती अंडी उबवायची नाहीत असं पालकांनी ठरवलं आणि घातल्या दिवशीच गोठवली. मला हा निर्णय योग्य वाटतो. आईला आता स्वतंत्र टँक, नवी नळी आणि पूर्ण एक हंगाम विश्रांती.

अॅडेनोव्हायरसची शंका पुरती मिटलेली नाही. बाळगणारं जनावर विषाणू सतत बाहेर टाकत नाही, त्यामुळे एका निगेटिव्ह पीसीआरवरून आई-वडिलांना स्वच्छ ठरवता येत नाही. दोघांचे स्वॅब काही आठवड्यांच्या अंतराने पुन्हा घेतले जात आहेत, आणि तोवर या घरातून एकही जनावर बाहेर जाणार नाही किंवा नवीन आत येणार नाही. उरलेल्या सोळा पिल्लांना नव्या घरी पाठवण्याआधी दोन गोष्टी ठरल्या आहेत: विष्ठेच्या सलग तपासण्या कॉक्सिडियामुक्त याव्यात, आणि वजन दर आठवड्याला चढतं असावं. वाकड्या शेपटीचं आणि आखूड जबड्याचं पिल्लू पालक स्वतःकडेच ठेवणार आहेत. बाकीच्या प्रत्येकासोबत त्याच्या वजनांचा तक्ता, विष्ठेचे अहवाल, दिलेल्या औषधांची नावं-मात्रा आणि त्याच्या पाठीच्या उंचीवर मोजलेला यूव्ही इंडेक्स लिहून दिला जाईल.